उपटून टाकलेल्या आईची लेकरे : बर्गंडी ते भूमध्य समुद्र, द्राक्षवेलींच्या कुळाचा मागोवा

पहिला दिवस : दिजाँ ते बोन

फ्रान्समधले दिजाँ शहर मागे पडले की दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या हाताला एक ठेंगणी, लांबलचक टेकडी सुरू होते आणि बोन गाव येईपर्यंत ती सोबत सोडत नाही. या टेकडीचा पूर्वेकडे तोंड करून असलेला उतार हीच बर्गंडी या वाइनच्या प्रांताची सारी कीर्ती. कित्येक ठिकाणी या उताराची रुंदी एक किलोमीटरही भरत नाही. वर माथ्यावर झाडी, खाली सपाटीला धान्याची शेते आणि मधल्या पट्ट्यात, चुनखडीच्या मातीत, द्राक्षे.

माझ्याबरोबर मामा होते. निफाड तालुक्यात त्यांची थॉमसन या बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे आणि काही वर्षांपासून एका तुकड्यावर ते शेनिन ब्लाँ आणि शिराझ ही वाइनची द्राक्षेही घेतात. या दोन जाती ज्या मुलखातून आल्या तो मुलूख एकदा पायांखालून घालावा, ही इच्छा त्यांची. खरड छाटणीनंतरची बागेची कामे मुलावर सोपवून ते जूनमध्ये निघाले. जून महिना आम्ही मुद्दाम निवडला, कारण तेव्हा इथल्या वेली फुलोऱ्यात असतात, आणि बहुतेक नव्या जाती जन्माला येतात त्या फुलोऱ्यातूनच.

वूजो गावाजवळ गाडी थांबवली. समोर दगडी कुंपणाने वेढलेली सुमारे 50 हेक्टरांची बाग होती, क्लो द वूजो. जवळच्या सीतो गावी 1098 मध्ये स्थापन झालेल्या मठातील सिस्टर्शियन साधूंनी ती उभी केली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली आणि पुढे वाटण्या होत होत आज या एका कुंपणाच्या आत सुमारे 80 मालक आहेत. मामांना कुंपणापेक्षा आतल्या वेलींनी जास्त खिळवून ठेवले. ओळींतले आणि वेलींतले अंतर जेमतेम एक मीटर, म्हणजे हेक्टरी सुमारे 10,000 वेली, आणि खोड गुडघ्याएवढे. आमच्याकडे 9 बाय 5 फुटांवर वेल लावायची, डोक्यावर मांडव किंवा वाय पद्धतीचा सांगाडा उभारायचा आणि ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, लांबवायचे, ही सवय. तिच्यापुढे ही रोपे मामांना प्रथम अपुऱ्या वाढीची वाटली. मग त्यांनी जमिनीला हात लावून पाहिला. दुपारच्या उन्हाने दगडगोटे तापले होते. थंड मुलखात घड जमिनीच्या जवळ ठेवले की तीच ऊब रात्री त्यांना मिळते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

या उतारावरची काळी द्राक्षे जवळजवळ सगळी एकाच जातीची आहेत : पिनो न्वार. घड लहान आणि गच्च, मण्यांची साल पातळ, त्यामुळे पाऊस लांबला की घड आतून कुजू लागतो. डोळे लवकर फुटतात, त्यामुळे एप्रिलच्या हिमाचा पहिला तडाखा तिलाच. रंग थोडा, उत्पन्न थोडे. शेतकऱ्याच्या दृष्टीने इतकी गैरसोयीची जात शतकानुशतके सांभाळली गेली, याचे कारण तिच्या रसात जागेचा फरक उतरतो, इतकेच. दोन शेतांमध्ये फक्त एक पायवाट असली तरी वाइन वेगळी होते, असा इथला अनुभव आहे. त्या अनुभवातून या उताराचे शेकडो लहान लहान तुकडे नावानिशी वेगळे झाले आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पिनोची आणखी एक गोष्ट मामांना घरची वाटली. या जातीच्या वेलीवर अधूनमधून एखादी काडी निराळ्या रंगाचे घड धरते. करड्या-गुलाबी मण्यांची पिनो ग्री आणि पांढऱ्या मण्यांची पिनो ब्लाँ या अशाच, बियांतून न जन्मलेल्या, काडीवरच्या बदलातून आल्या. तासगाव भागात थॉमसनच्या बागेतून तास-ए-गणेश निघाली, सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये लांब मण्यांची सोनाका निघाली, ती याच वाटेने. नजर तीक्ष्ण असलेला बागायतदार आणि वेगळी दिसलेली एक काडी, एवढेच भांडवल दोन्हीकडे होते.

दुसरा दिवस : मर्सो, प्युलिन्यी आणि गामे नावाची वाडी

बोनच्या दक्षिणेला उतार थोडा रुंदावतो आणि काळ्या द्राक्षांची जागा पांढरी द्राक्षे घेतात. मर्सो आणि प्युलिन्यी-माँत्राशे ही शार्दोनेची गावे. प्युलिन्यीहून पश्चिमेला टेकड्यांत शिरलो, सँतोबँ गाव लागले आणि त्याला लागूनच दगडी घरांची एक वाडी, गामे. याच नावाच्या द्राक्षाने 14व्या शतकात बर्गंडीच्या ड्यूकची झोप उडवली होती.

त्या शतकाच्या मध्यावर प्लेगने माणसे ओसरली होती आणि बागेत राबायला हात मिळत नव्हते. अशा काळात गामे ही जात शेतकऱ्यांनी उचलून धरली. ती पिनोच्या आधी पिकते, भरपूर लागते आणि पहिले कोंब हिमात जळाले तरी दुसऱ्या फुटव्यावरही घड देते. ड्यूक फिलिप याने 31 जुलै 1395 रोजी फर्मान काढून या द्राक्षाला ‘अत्यंत वाईट आणि बेइमान’ ठरवले आणि ते उपटून टाकण्याचा हुकूम दिला. बर्गंडीच्या वाइनचा नावलौकिक त्याला जपायचा होता, आणि आजच्या किमती पाहता त्याचा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. पण ज्याच्या घरात खाणारी तोंडे होती त्या शेतकऱ्याचाही हिशेब चुकीचा नव्हता, असे मला त्या वाडीत उभे राहून ठामपणे वाटले. गामेला शेवटी दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या मातीत हक्काचे घर मिळाले, आणि तिथे तिची जी हलकी, फळाच्या वासाने भरलेली वाइन होते ती बर्गंडीच्या चुनखडीत कधीच झाली नसती.

या कथेचा उत्तरार्ध समजायला 1999 साल उजाडावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ, तसेच दक्षिण फ्रान्समधील मोंपेलियेचे झाँ-मिशेल बुर्सिको आणि त्यांचे सहकारी यांनी तीनशेहून अधिक जातींच्या डीएनएची तुलना केली. आई-बाप शोधण्याची रीत माणसांच्या बाबतीत असते तीच : अपत्याच्या प्रत्येक खुणेची एक बाजू आईकडून आणि दुसरी बापाकडून आलेली असली पाहिजे. त्यातून निघाले ते असे की ईशान्य फ्रान्समधील 16 जाती एकाच जोडप्याच्या संतती आहेत. त्यांत जगभर पसरलेली शार्दोने आहे, तिरस्कृत गामे आहे, अलिगोते आहे आणि ल्वार नदीच्या मुखाशी मुस्कादे वाइन देणारी मेलोँ आहे. जोडप्यातील एक पिनो. दुसरी गुए ब्लाँ.

गुए ब्लाँ हे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नसते. मध्ययुगात मात्र ती ईशान्य फ्रान्सभर होती, जर्मन भाषक मुलखात तिला हॉयनिश म्हणत. भरघोस लागणारी, आंबट, वासाने फिकी अशी ही पांढरी जात गरीब शेतकरी सपाटीच्या हलक्या जमिनीत, पिनोच्या उताराच्या पायथ्याशी लावत. तिलाही अनेक ठिकाणी बंदी झाली, आणि आज व्यावसायिक लागवडीतून ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. सरदार-मठवाल्यांची पिनो वर आणि कुळांची गुए खाली, अशा या शेजारातच शतकानुशतके परागाची देवघेव होत राहिली; कुठेतरी मणी पडले, बी रुजले, बांधावर उगवलेले रोप कोणाला तरी उपटावेसे वाटले नाही आणि त्यातून शार्दोने झाली. या दोन जाती एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्या, त्यामुळे संतती जोमदार निघाली. द्राक्षवेलीचे स्वतःच्याच परागापासून झालेले रोप सहसा दुबळे असते. पुढे हरितद्रव्याच्या कणांतील डीएनए, जो वेलीत आईकडून येतो, तपासल्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. शार्दोने, गामे आणि अलिगोते यांची आई गुए ब्लाँच आहे. पिनो हा बाप.

प्युलिन्यीच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईंशी आम्ही हे बोललो. त्यांना ही वंशावळ पाठ होती. “आमच्या पणज्यांनी जिला हाकलली तिच्यावर आज आमची घरे चालतात,” असे त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या आणि मामांना त्यांनी शार्दोनेचा फुलोरा दाखवला. फुलांवरच्या हिरव्या टोप्या गळून पडत होत्या आणि अतिशय मंद, गोड असा वास हवेत होता. मामांनी नाशिकच्या बागेत आयुष्यभर हा वास घेतला आहे. तरी ते बराच वेळ त्या ओळीत वाकून उभे राहिले.

तिसरा दिवस : बोन

दिवसभर पाऊस. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाची धास्ती आणि फुलांची गळ, हे इथेही तसेच. दुपारी उघडीप मिळताच उंच पायांचे, वेलींच्या ओळी दोन चाकांच्या मधे घेऊन चालणारे फवारणीचे ट्रॅक्टर बाहेर पडलेले दिसले. सकाळी 1443 मध्ये चॅन्सलर निकोला रोलँ याने गोरगरिबांसाठी बांधलेले धर्मार्थ रुग्णालय पाहिले. रंगीत कौलांचे ते छप्पर प्रसिद्ध आहे, पण मला त्यामागची व्यवस्था जास्त भावली. शतकानुशतके लोकांनी या रुग्णालयाला द्राक्षबागा दान दिल्या, त्यांची वाइन 1859 पासून दर वर्षी नोव्हेंबरमध्ये लिलावाने विकली जाते आणि पैसा धर्मादाय कामाला जातो. संध्याकाळी अलिगोतेची वाइन मिळाली. शार्दोनेची ही सख्खी बहीण आंबट आणि सडपातळ. उताराच्या वरच्या थंड कडांवर किंवा खालच्या सपाटीवर तिला जागा मिळत आली आहे. काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचे गोड मद्य तिच्यात घालून पिण्याची इथली रीत आहे आणि त्या पेयाला दिजाँचे महापौर राहिलेले पाद्री फेलिक्स कीर यांचे नाव पडले आहे.

चौथा दिवस : आर्ब्वा

बोनहून पूर्वेला निघालो. सोन नदीचे मैदान ओलांडले, लुई पास्तर यांचे जन्मगाव दोल मागे टाकले आणि जुरा पर्वताच्या पायथ्याशी आर्ब्वाला पोहोचलो. बर्गंडीच्या उताराचे तोंड पूर्वेला, तर इथल्या बऱ्याच उतारांचे पश्चिमेला. मधले मैदान सोडले तर दोन्ही उतार जणू समोरासमोर उभे आहेत. माती मात्र निराळी, ओली झाली की निळसर-करडी दिसणारी आणि बुटांना धरून ठेवणारी. या मातीतली मुख्य पांढरी जात सावान्याँ, आणि या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच.

सावान्याँचे मणी लहान, साल जाड, उत्पन्न कमी. ती उशिरा पिकते आणि पिकल्यावरही आम्लता टिकवून धरते. जर्मन भाषक तिला ट्रामिनर म्हणतात. तिचीच गुलाबी सालीची, गुलाबपाण्याच्या वासाची शाखा म्हणजे अल्सासची गेवुर्झट्रामिनर. पिनो आणि ती यांच्यात एक जन्मदाती आणि दुसरी तिचे अपत्य, असे थेट रक्ताचे नाते आहे. तिच्या वयाचा पुरावाही विलक्षण आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात फ्रान्समधील उत्खननांत सापडलेल्या 28 द्राक्षबियांच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यांतले ओर्लेआँ शहरातले सुमारे 900 वर्षांपूर्वीचे एक बी आजच्या सावान्याँशी तंतोतंत जुळले. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. द्राक्षाचे बी लावले तर येणारे रोप आईसारखे नसते, म्हणून जात टिकवायची तर काडी लावावी लागते किंवा कलम बांधावे लागते. तेव्हा मध्ययुगात ज्या वेलीचा मणी खाऊन कोणी बी थुंकले ती वेल आणि आज आर्ब्वाच्या उतारावर उभी असलेली वेल यांच्यात पिढीचे अंतरच नाही. काडीमागून काडी लावत माणसांनी एकच वेल नऊशे वर्षे जिवंत ठेवली आहे.

आणि या एका वेलीची संतती केवढी! ऑस्ट्रियाची ग्रूनर वेल्टलिनर तिची, सोविन्यों ब्लाँ तिची, शेनिन ब्लाँ तिची. सोविन्यों ब्लाँ आणि काबर्ने फ्राँ यांच्या संकरातून काबर्ने सोविन्यों जन्मली, हे बॉवर्स आणि मेरेडिथ यांनी 1997 मध्ये दाखवले होते. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध काळ्या द्राक्षाची एक आजी ही जुराची पांढरी जात. मामांना मी वहीत ही वंशावळ काढून दाखवली. नाशिकच्या वाइनमध्ये ज्या पांढऱ्या जातींचा सर्वाधिक बोलबाला आहे त्या दोन्ही, शेनिन आणि सोविन्यों, या गावच्या वेलीच्या लेकी निघाल्या. ल्वारच्या थंडीत शेनिन ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहते, तर मामांच्या बागेत ती फेब्रुवारीत काढणीला येते. तरीही आमच्या उन्हात तिची आम्लता बऱ्यापैकी शाबूत राहते, आणि वाइनवाले तिच्यासाठी आग्रह धरतात तो त्याचसाठी. हा गुण कोणाकडून आला ते इथे समजते.

दुपारी एका तळघरात सावान्याँची ‘व्हँ जोन’, म्हणजे पिवळी वाइन, चाखली. वाइनचे पिंप नेहमी काठोकाठ भरलेले ठेवतात. इथे मुद्दाम भरत नाहीत. रिकाम्या जागेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते आणि त्या सायीखाली ती किमान 60 महिने ठेवतात. या काळात उडून जाऊन एक लिटरमधले जेवढे उरते तेवढ्याची म्हणून तिची बाटली 62 सेंटिलिटरची. पेला नाकाजवळ नेताच मामा म्हणाले, “मेथी!” तळघरातील माणसाने तो शब्द समजून घेतला आणि मान डोलावली. या वाइनमध्ये सोटोलोन नावाचे द्रव्य तयार होते, आणि भाजलेल्या मेथीदाण्याचा वास असतो तोही त्याच द्रव्याचा. वाइनच्या वर्णनात अनोळखी फळाफुलांची नावे वाचून आपल्याकडचे वाचक बिचकतात. इथे आमच्या फोडणीच्या डब्यातलाच वास साक्षीला उभा राहिला.

पास्तर यांचे बालपण आर्ब्वात गेले आणि 1874 मध्ये त्यांनी गावाजवळ एक द्राक्षबाग विकत घेतली. फळ कशाने आंबते, या वादाचा निकाल त्यांनी तिथे 1878 मध्ये लावला. मणी कच्चे असतानाच काही वेलींवर काचघरे उभी केली, घड कापसात गुंडाळले आणि पिकल्यावर त्यांचा रस काढला. हवेतले यीस्ट सालीवर पोहोचलेच नव्हते, म्हणून तो रस आंबला नाही. “आपण घडांना पेपर लावतो तो ऊन लागू नये म्हणून,” मामा म्हणाले, “या माणसाने लावला तो विचार तपासायला.”

पाचवा दिवस : लियोँकडे

फक्त प्रवास. वाटेत शातो-शालोँ हे कड्यावरचे गाव लागले, जिथे पिवळ्या वाइनचा मान सर्वांत मोठा. खालच्या उतारावर सावान्याँच्या ओळी. संध्याकाळी लियोँत मुक्काम.

सहावा दिवस : तँ-लेर्मिताज

लियोँच्या दक्षिणेला रोन नदी अरुंद दरीतून वाहते. तँ गावाच्या डोक्यावरच नदी वळण घेते आणि त्या वळणावर दक्षिणेकडे तोंड केलेली लेर्मिताजची टेकडी उभी आहे. सारी बाग 136 हेक्टरांच्या आसपास, पायऱ्यापायऱ्यांची, पश्चिमेकडच्या भागात सरळ ग्रॅनाइट. माथ्यावर एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. धर्मयुद्धातून थकून परतलेला गास्पार द स्तेरिंबेर हा सरदार 1224 च्या सुमारास इथे संन्यासी होऊन राहिला, अशी दंतकथा आहे, आणि त्यानेच इराणच्या शिराझ शहरातून सिरा, म्हणजेच शिराझ, द्राक्ष आणले, असे तिला जोडून सांगितले जाई. मामांनी त्यांच्या बागेतल्या शिराझबद्दल हीच कथा ऐकलेली होती आणि इराण आपल्याला जवळचा, म्हणून ती त्यांना पटलेलीही होती.

1990 च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिस आणि मोंपेलियेच्या संशोधकांनी सिराचे आई-बाप शोधले तेव्हा इराणचा संबंध संपला. द्युरेझा ही काळी जात नदीपलीकडच्या आर्देशची, मोंदूज ब्लाँश ही पांढरी जात आल्प्सकडच्या साव्ह्वाची. सिरा या दोघींची. दोन्ही मुलखांच्या मधोमध रोनचे खोरे येते, म्हणजे सिरा इथलीच, याच परिसरात बियांतून उगवलेली. आणि पुन्हा तेच : द्युरेझा आणि मोंदूज ब्लाँश यांना नावलौकिक कधी लाभला नाही आणि आज दोघींची लागवड काही हेक्टरांपुरती उरली आहे.

सिराचे स्वरूप लेर्मिताजवर डोळ्यांनी कळते. तिच्या फुटी लांब, लोळणाऱ्या आणि ठिसूळ असतात, आणि उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा या दरीत झोडपून काढतो, म्हणून प्रत्येक वेलीला स्वतंत्र खुंटा देऊन तिला त्याला बांधलेले असते. उतार इतका तीव्र की यंत्र चालत नाही. पावसाने वाहून खाली आलेली माती पूर्वी पाठीवरून पुन्हा वर नेत. मण्याची साल जाड आणि रंग गडद. वाइनमध्ये काळ्या मिऱ्यांचा जो वास येतो त्याला रोटुंडोन हे द्रव्य कारण आहे, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. मिऱ्यांतही तेच द्रव्य असते. थंड ठिकाणी पिकलेल्या सिरात ते अधिक असते. मामांच्या शिराझमध्ये मिरे कमी आणि जांभूळ जास्त लागते, ही त्यांची तक्रार होती. ती बागेची नसून उन्हाची आहे, हे इथे उमगले.

शिराझ हे नाव जगभर रुजवले ऑस्ट्रेलियाने. जेम्स बस्बी या स्कॉटिश गृहस्थाने 1831 मध्ये स्पेन आणि फ्रान्स पालथे घालून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि 1832 मध्ये त्या सिडनीला पोहोचवल्या. तो लेर्मिताजला आला होता, पण त्याच्या बहुतेक काड्या मोंपेलियेच्या वनस्पती उद्यानातल्या होत्या. आमचाही पुढचा मुक्काम तोच होता.

सातवा दिवस : मोंपेलिये

रेल्वे स्थानकासमोरच्या बागेत झ्यूल-एमील प्लांशोँ यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या पुतळ्यापुढे एक तरुण बागायतदार द्राक्षे घेऊन उभा आहे. युरोपच्या बहुतेक जाती आज जिवंत आहेत त्या या मोंपेलियेच्या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे, हे विधान मी जबाबदारीने करतो.

1860 च्या दशकात रोनच्या खालच्या खोऱ्यातील बागा कारण न कळता वाळू लागल्या. जुलै 1868 मध्ये प्लांशोँ, गास्तों बाझील आणि फेलिक्स साऊ यांनी मेलेल्या वेलींऐवजी आजारी दिसणाऱ्या वेली उपटल्या आणि त्यांच्या मुळांवर त्यांना पिवळसर सूक्ष्म कीड दिसली. मेलेले मूळ ती आधीच सोडून गेलेली असे, म्हणून ती कोणाच्या नजरेस पडली नव्हती. ही फायलोक्झेरा अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर आली होती. पुढच्या काही दशकांत तिने फ्रान्सच्या बहुतेक बागा पोखरल्या. तोडगाही अमेरिकेतच होता : तिथल्या रानद्राक्षांची मुळे या किडीला दाद देत नाहीत. तेव्हा खाली अमेरिकी खुंट, वर युरोपी काडी, असे कलम बांधायचे. पण अनेक अमेरिकी खुंट चुनखडीत पिवळे पडत. 1887 मध्ये मोंपेलियेच्या प्येर व्हिआला यांना अमेरिकेला पाठवण्यात आले, टेक्सासमधील टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने त्यांना चुनखडीत तगणाऱ्या जाती मिळाल्या, आणि त्यांच्या संकरांवर शार्दोने-पिनोच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

इथवर आल्यावर मामांना बोलते करावे लागले नाही. पाचर कलम ते स्वतः बांधतात. त्यांच्या थॉमसनखाली डॉगरीज आहे आणि शिराझखाली 110 आर. आपल्याकडे खुंट आले ते खारवट पाणी आणि पाण्याची ओढ यांवर उपाय म्हणून, आणि गेल्या तीन दशकांत महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचा पायाच डॉगरीज झाला आहे. हा डॉगरीज टेक्सासच्या रानातील एका द्राक्षाचा निवडक प्रकार आहे. त्या द्राक्षाचे शास्त्रीय नाव व्हायटिस चंपिनी, आणि ते नाव देणारे प्लांशोँ. 110 आरमधला ‘आर’ म्हणजे रिख्टर, ज्यांची रोपवाटिका याच मोंपेलियेत होती. मामा पुतळ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. ते त्यांनी सहज, देवळापुढून जाताना जोडतात तसे जोडले. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

आठवा दिवस : मार्सेयाँची वाळू

सेत शहरापासून मार्सेयाँकडे जाणारा रस्ता समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जातो. याच वाळूत व्हासाल हे फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. मोंपेलियेच्या कृषी विद्यालयात 1876 मध्ये सुरू झालेला द्राक्षजातींचा संग्रह 1949 पासून इथे आहे. वाळूत फायलोक्झेरा जगत नाही, त्यामुळे इथल्या वेली कलमाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभ्या राहू शकल्या. सुमारे 50 देशांतल्या अडीच हजारांहून अधिक जाती इथे सांभाळल्या गेल्या आहेत. हे संशोधनाचे ठिकाण आहे, पर्यटनाचे नव्हे, तेव्हा आम्ही त्या बागा बाहेरूनच पाहिल्या. समुद्राची पातळी वाढते आहे, जमिनीत खारे पाणी शिरण्याचा धोका आहे, म्हणून संग्रह ग्र्युइसाँजवळच्या पेश रूज या केंद्रात हलवण्याचे काम हाती घेतले गेले आहे.

असा संग्रह कशासाठी, याचे उत्तर बुर्सिको यांच्या कामात आहे. प्येर गाले यांनी मोंपेलियेत पानांचे कोन, दाते, लव आणि कोवळ्या शेंड्याचा रंग यांवरून जाती ओळखण्याची पद्धत घडवली. बुर्सिको त्या परंपरेतले. 24 नोव्हेंबर 1994 रोजी चिलीमधील एका बागेत मेर्लो म्हणून लावलेल्या वेली त्यांनी पाहिल्या आणि ही कार्मेनेर आहे, असे सांगितले. फुलोऱ्यात गळ जास्त म्हणून फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या भागाने फायलोक्झेरानंतर जी जात पुन्हा लावलीच नाही ती चिलीत खोट्या नावाने सुखरूप होती. मेर्लोची आई तर त्याहून आडबाजूला सापडली. ब्रिटनीतील सँ-स्युल्याक या गावी मिळालेली एक बेनाव वेल या संग्रहात आणून लावली गेली. पुढे तशाच काही वेली शारांत भागात जुन्या घरांच्या दारांशी आढळल्या. डीएनएवरून ती मेर्लोची आई ठरली आणि 2009 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तिला माग्दलेन न्वार दे शारांत असे नाव द्यावे लागले. बोर्दोचे अर्धे वैभव जिच्या लेकीवर उभे आहे ती शेतात नव्हतीच, कोणाच्या तरी ओसरीवर सावलीपुरती चढवलेली होती.

हे ऐकताना मामा गप्प झाले होते. मग त्यांनी नाशिकच्या जुन्या जातींची नावे घ्यायला सुरुवात केली : भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, हबशी. थॉमसन येण्याआधी त्यांच्या वडिलांच्या काळात याच बागा होत्या. भोकरीला बी असे, साल जाड, गोडी बेताची; बाजारात थॉमसनपुढे ती टिकणे शक्यच नव्हते, आणि ती उपटण्यात शेतकऱ्यांचे काही चुकले असे मामा मानत नाहीत. पण शेजारच्या गावी एका जुन्या वाड्याच्या विहिरीवर एक वेल आहे, तिला कोणी छाटत नाही, कोणी फवारत नाही, आणि तिचे फळ मुले व पाखरे खातात. ती भोकरी असावी, असा त्यांचा अंदाज आहे. तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला आणि वाडा पाडायच्या गोष्टी चालल्या आहेत का, याची चौकशी करायला सांगितले. पाने आणि शेंड्यांचे फोटो काढून पुण्याजवळच्या मांजरी गावातील द्राक्ष संशोधन केंद्राला दाखवायचे, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी तिच्या पक्व काड्या आणायच्या आणि बांधावर डॉगरीजचे चार खुंट त्यासाठी राखून ठेवायचे, हे फोनवरच ठरले.